तीस अंश

टँकरच्या पाण्याला फेस धरत नाही
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
धानोरीत येऊन अकरा वर्षं झाली,
तेवढी वर्षं डाळ उशिरा शिजली, केस गळले,
पण फेसाकडे बघायची वेळ आली नव्हती.
तो यांचा प्रांत होता.

आता बहिणीकडून, सहकारनगरहून,
पाच लिटरच्या कॅनमधून महापालिकेचं पाणी आणते,
रिक्षात मांडीवर घेऊन.
रिक्षावाला विचारतो, गंगाजल का मावशी?
म्हणते, हो. दाढीचं.

मुलानं बंगळूरहून पाठवलं होतं एक यंत्र,
पाच पाती, मुठीत बॅटरी, बटण दाबलं की थरथरणारं.
हे बघत राहिले त्याच्याकडे,
मग स्वतःच्या उजव्या हाताकडे,
म्हणाले, "एक होतंच की घरात."
तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

मग मी गेले बोहरी आळीत.
मुर्तुझाभाईंनी विचारलं, मिस्टरांना वाढदिवसाला?
म्हटलं, नाही, मलाच शिकायचंय.
ते गप्प झाले. काउंटरवर फडकं अंथरलं,
त्यावर एकेक रेझर, दागिने दाखवावेत तसा.
"हा हलका. हात जड असेल तर हा घ्या.
हा वजनदार, याला दाबायचं नाही, स्वतःच्या भारानं उतरतो.
आणि हा... हा राहू द्या. याचं पातं फार डोकावतं."
हात जड की हलका?
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
पोळ्या आठवून पाहिल्या. म्हटलं, मधला.
पाती त्यांनी पाच कंपन्यांची दिली, एकेक सुटं,
"कुठलं मानवतं ते गालच सांगेल."

हे चौतीस वर्षं भोसरीत, टूलरूमला.
कटरचा कोन नजरेनं ओळखायचे.
बोलणं आता अडखळतं, आकडे अडखळत नाहीत.
"आधी टोपी टेकव गालाला. सपाट.
मूठ खाली आण. अजून.
पातं बोललं की थांब.
तीस अंश."
आणि पातं खरंच बोललं,
खोबरं किसताना शेवटी वाटी येते ना हाताला,
तसा बारीक, कोरडा आवाज.

गरम टॉवेल दोन मिनिटं.
फेस दह्यासारखा, ताकासारखा नाही.
इंच इंच, केसांच्या कलानं.
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं
की यांच्या गळ्यावर, डावीकडे, एक भोवरा आहे,
कानाकडे उलटा वाहणारा.
तिथे सगळे नियम फिरतात.
तिथेच कापलं, पहिल्या आठवड्यात तीनदा.

हनुवटी थरथरू लागली की रेझर उचलायचा.
लाट येते, जाते.
दोन लाटांच्या मध्ये जेवढं स्थिर पाणी मिळेल
तेवढी दाढी.
कधी अर्धा तास लागतो, कधी वरणाला फोडणी राहून जाते.

तुरटी फिरवली की जिथे झोंबतं तिथे माझी चूक.
तोंडानं सांगत नाहीत.
चेहरा तर हल्ली काहीच सांगत नाही.
डाव्या डोळ्याची पापणी तेवढी सांगते.
मग अंगठा उलटा फिरवून तपासतात,
जॉब तपासावा तसा, ओठाखाली थांबतात:
"रीवर्क."
मी पुन्हा ब्रश भिजवते.
पास असं अजून म्हणाले नाहीत.

वापरलेली पाती टाकू देत नाहीत.
"कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागेल."
रोझच्या जुन्या पावडरीचा डबा,
झाकणाला यांनी आजारपणाआधीच पाडलेली फट,
पाच दाढ्या झाल्या की एक पातं आत.
डबा आता वाजायचा बंद झालाय.

मिशी मात्र मला देत नाहीत.
कात्री स्वतः घेतात, आरशासमोर उभे राहतात,
दार लोटायला सांगतात.
मी बाहेर, कॅनमधलं उरलेलं पाणी
पातेल्यात ओतत बसते, हळू,
मध्येच थांबवते धार.
आतून एक कच्.
मग बराच वेळ काही नाही.
मग कच्.